मदत हवी आहे: कडुनिंबावर चांदणीसारखे चमकणारे फ्लॅश लाइट कोणते लावू?

नमस्कार मंडळी,

नागपूरला सोनेगावच्या बाजूला आमचं घर आहे. अंगणात बाबांनी लावलेला कडुनिंब आता दुमजली घराच्याही वर गेलाय. वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बाबा या झाडाला रोषणाई करायचे. गेली दोन वर्षं ते काम माझ्याकडे आहे. खोडाला आणि मोठ्या फांद्यांना वॉर्म व्हाइट सिरीज गुंडाळते, ती छान दिसते. पण बाबांची एक गोष्ट मला अजून साधलेली नाही. वर शेंड्याकडे मधूनच एखादा पांढराशुभ्र ठिपका लख्खकन चमकून जायचा. मग अंधार, मग भलतीकडेच दुसरा. गल्लीतली पोरं फाटकाशी उभी राहून "तिथं! आता तिथं!" करत बोटं दाखवायची.

ते झेनॉन वायूच्या नळीचे फ्लॅश बल्ब होते. शेवटचा मागच्या वर्षी गेला. तो उघडून पाहिला तर आत बोटाच्या पेराएवढी वाकवलेली काचेची नळी, दोन्ही टोकांना काजळी धरल्यासारखी काळी पडलेली, आणि प्लास्टिकच्या टोपणाच्या तळाशी चमचाभर पाणी. तसा बल्ब मला बाजारात कुठे मिळाला नाही, म्हणून वीस एलईडी फ्लॅश बल्ब आणले. ते सेकंदाला चार-पाच वेळा फडफडतात. सगळं झाड डीजेच्या गाडीसारखं दिसायला लागलं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री पाऊस आला, चार बल्ब गेले आणि एमसीबी पडला.

खरी अडचण वेगळीच आहे. समोरच्या काकूंच्या नातवाला फिट येतात. दुसऱ्या संध्याकाळी काकू आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे जरा बंद ठेवशील का गं?" मी तत्काळ बंद केलं. त्याला काही झालं नाही, पण आदली संध्याकाळ त्याने पडदे लावून आतल्या खोलीत काढली होती. ते मला फार लागलं. यंदा तोही फाटकाशी उभा राहून बोट दाखवू शकेल असं काहीतरी करायचंय.

तर झेनॉनच शोधू की एलईडी घेऊ? किती वॅटचे? किती वेगाने चमकणारे? पावसाचं काय करायचं? पाच-सहा हजार खर्च करू शकते. भाचा इंजिनिअरिंगला आहे, सोल्डरिंग त्याला येतं.

प्रतिसाद १

ताई, मी मंडप-लायटिंगचं काम करतो. पावसाचं आधी सांगतो. खोक्यावर आयपी ६५ लिहिलंय का बघा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. पण आपल्याकडे बल्ब असतो वॉटरप्रूफ अन् होल्डर असतो साधा, घरातला. पाणी होल्डरमधूनच जाते. होल्डरचं तोंड नेहमी खाली ठेवा. तार डब्यात शिरते त्याच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाशीच टपकून जाते.

अन् एमसीबी पडला म्हणून निश्चिंत राहू नका. तो लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की पडतो, माणसाला करंट लागला तर वाचवेलच असं नाही. ३० मिलिअॅम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय झाडावर २३० व्होल्ट चढवूच नका. पोरं ओल्या खोडाला हात लावतात. माझं ऐकाल तर वर फक्त १२ व्होल्ट न्या, पॉवर सप्लाय पोर्चमध्ये कोरड्यात ठेवा. खारी तार कुरतडतात ते वेगळंच, दर दोन दिवसांनी बॅटरी घेऊन एक चक्कर मारा.

प्रतिसाद २

झेनॉन एवढा लख्ख का दिसतो ते पाहिलं की एलईडी निवडणं सोपं होतं. त्यात एक कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरत राहतो आणि एका झटक्यात नळीतून रिकामा होतो. समजा १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३०० व्होल्टला भरला, तर त्यात ०.४५ जूल ऊर्जा साठते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडली तर त्या क्षणापुरते ते ४५० वॅट झाले! पण साधारण एक दशांश सेकंदापेक्षा लहान चमक असेल तर डोळा त्या वेळातला सगळा प्रकाश एकत्र मोजतो. म्हणून ९ वॅटचा एलईडी सेकंदाचा विसावा भाग पेटवला तरी तेवढीच ०.४५ जूल वीज लागते आणि चमक तशीच टोकदार वाटते.

दुकानांच्या पाट्यांमध्ये वापरतात ती १२ व्होल्टची दीड वॅटची सीलबंद मॉड्यूल घ्या, कूल व्हाइट. पीव्हीसी पाइपच्या वीतभर तुकड्याभोवती सहा चिकटवली की एक चांदणी तयार. ड्रायव्हर असलेला फ्लड लाइट घेऊ नका, तो पेटायलाच वेळ लावतो.

आता वेगाबद्दल, कारण मागच्या वर्षी खरी चूक तिथेच झाली. एकेक बल्ब किती वेळा चमकतो ते मोजून उपयोग नाही. सेकंदाला एकदाच चमकणारे वीस बल्ब लावले तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांत सेकंदाला वीस चमका जातात. प्रकाशाने फिट येणाऱ्यांना सेकंदाला तीन ते तीस हा टप्पाच सर्वांत त्रासाचा असतो. स्वतंत्र बल्ब एकमेकांची वाट बघत नाहीत, म्हणून सगळ्या चांदण्यांना एकच घड्याळ हवं. भाच्याला सांगा: ईएसपी ३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर), प्रत्येक चांदणीला एक मॉस्फेट (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि प्रोग्राम एवढाच, की कुठलीही एक चांदणी निवड, चमकव, मग एक ते तीन सेकंद थांब. दोन कधीच एकत्र नाहीत. एका वेळी एकच पेटणार असल्यामुळे १२ चांदण्यांना २ अॅम्पिअरचा सप्लाय भरपूर झाला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एकच घड्याळ ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती! बाबांचे बल्ब पाच-सहाच होते आणि झाडभर विखुरलेले, म्हणून ते शांत वाटायचे हे आता कळतंय. दोन शंका आहेत. पोर्चपासून शेंडा १५ मीटर आहे, प्रकाश मंद होईल का? आणि विमानं आमच्या घरावरून बरीच खालून जातात, त्याचं काय?

प्रतिसाद २

१ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. जाऊन-येऊन ३० मीटरला साधारण अर्धा ओहम होतो, पाऊण अॅम्पिअरला ०.४ व्होल्ट जातील, कळणारसुद्धा नाही. त्याहून बारीक तार नको. विमानतळाजवळ आहात तर चांदण्यांवर वरून काळी टोपी बसवाच. प्रकाश खाली आणि आडवा पडू दे, आकाशाकडे अजिबात नको.

प्रतिसाद ३

माझ्या मुलीला फिट येतात म्हणून लिहितेय. फिट येणाऱ्या प्रत्येकालाच प्रकाशाचा त्रास होतो असं नसतं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) काढताना डोळ्यांसमोर चमकणारा दिवा लावून ते तपासतात. माझ्या मुलीचं तसं नव्हतं हे कळेपर्यंत आम्ही दोन दिवाळ्या तिला घरात कोंडून ठेवलं होतं. काकूंना म्हणा, त्याच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट विचारा आणि झाडाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न दाखवता शब्दांत सांगा, किती सेकंदांनी चमकतं ते. त्रास होत असेल आणि अचानक समोर आलंच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवायचं, हे त्याला शिकवून ठेवा. दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाही, पापणीतून प्रकाश आत जातोच.

धागाकर्ती

हे काकूंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. गुरुवारी त्यांची डॉक्टरांकडे पाळी आहे. भाच्याने दोन चांदण्या तयार केल्या, काल गच्चीवर मागच्या बाजूला तोंड करून लावून पाहिल्या. एक चमकली, आणि मी मनात दोनपर्यंत मोजलं तेव्हा कुठे दुसरी चमकली. आई खुर्ची ओढून तिथेच बसली आणि अर्धा तास उठली नाही. बाकीच्या दहा तयार करून ठेवतोय, पण गुरुवारपर्यंत झाडावर फक्त पिवळी सिरीज असेल.