साठीनंतर रो हाऊस: शेजार मिळतो की जिना?

जास्वंद
मुलं बाहेरगावी, तीन बेडरूमचा फ्लॅट खायला उठतो. अशांनी तळेगाव किंवा नाशिकच्या कडेला दहा-बारा घरांची ओळ (रो हाऊस) बांधून समवयस्कांसोबत राहावं. गाड्या फाटकाशी, मधली वाट फक्त चालायला, ओसऱ्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या त्या वाटेकडे. सकाळी दहापर्यंत एखादी खिडकी उघडली नाही की शेजारी दार ठोठावतो. लिफ्टच्या इमारतीत हे होत नाही.

रंधा
बिल्डर खाली हॉल-किचन देतो, झोपायच्या खोल्या वर. 3 मीटर चढायला 150 मिमीच्या 20 पायऱ्या हव्यात. जागा वाचवायला तो 16 करतो, म्हणजे प्रत्येक जवळपास 190 मिमी. गुडघे गेले की वरचा मजला अडगळीचा. शिवाय जोतं दीड फूट असेल तर 1:12 उताराच्या रॅम्पला 18 फूट लागतात, आणि पुढचं अंगण असतं 10 फुटांचं! त्यापेक्षा लिफ्टवाला वन बीएचके घ्या.

जास्वंद
म्हणून तर तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम, हे बुकिंगआधीच नकाशात घालून घ्यायचं. दार 900 मिमी आणि बाहेर उघडणारं. आत पडलेला माणूसच आत उघडणाऱ्या दाराला अडसर होतो. उंबरा नको, त्यासाठी बाथरूमची फरशी भरणीच्या वेळीच खाली धरावी लागते. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) असेल तर हातदांडा येणार तिथे काँक्रीटचा पट्टा घाला, साधा फास्टनर काही महिन्यांत ढिला होतो. रॅम्पला वळण दिलं की अंगणात बसतो. अर्थात अंगण त्यातच जातं, हे मान्य.

पागोळी
जिन्यावर एवढा काथ्याकूट, गच्चीचं काय? स्लॅब सलग, मालक बारा. एकाने कोबा नव्याने केला, शेजाऱ्याने नाही, तर पाणी जोडावरून शिरतं आणि मधल्या भिंतीला दोन्हीकडून ओल धरते. सोसायटी म्हणते, गच्ची तुमची. गच्ची, बाहेरचा रंग आणि ड्रेनेज सामायिक खर्चात आहे असं करारात लिहून घेतलं नसेल तर दर पावसाळ्यात भांडण ठरलेलं. वॉचमन, पंप, सेप्टिक टँकचा उपसा इमारतीतल्या 60 फ्लॅटऐवजी 12 घरांत वाटला जातो, तेही धरा.

साठेखत
समवयस्क किती वर्षं राहणार, सांगा ना. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 23 मुळे सोसायटीला सबळ कारणाशिवाय नव्या मालकाचं सभासदत्व नाकारता येत नाही. वारसाने घर विकलं की पुढचा मालक शनिवार-रविवारच्या पार्ट्यांना येतो. दोन-तीन घरं अशी गेली की ती खिडकी बघायला कुणी उरत नाही.

जास्वंद
मालकी ट्रस्टकडे ठेवायची, रहिवाशाला डिपॉझिटवर हयातभर राहण्याचा हक्क. मग विक्रीचा प्रश्नच येत नाही.

साठेखत
परत मिळणारं डिपॉझिट म्हणजे घरखरेदी नव्हे, ताई. जुना फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावर आयकराची सूट हवी असेल तर ठरलेल्या मुदतीत घर विकत घ्यावं किंवा बांधावं लागतं. आणि मुलांना काय सांगणार?

जास्वंद
मुलांना डिपॉझिट परत मिळेल. कराचा मुद्दा मात्र बरोबर. तो हिशेब फ्लॅट विकण्याआधीच सीएकडून करून घ्यायला हवा.