गिटारची पाने गाळू नयेत

कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांच्या चरित्रात गिटारच्या तारा जुळवण्याविषयीची पाने जरा जास्तच झाली आहेत आणि प्रेमप्रकरणांचा भाग मात्र रंगला आहे, असे एक मत वाचले, ते मला पटत नाही; माझा अनुभव नेमका उलट आहे. वयाच्या नवव्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या डाव्या हातात जोर कमी राहिला, नेहमीच्या जुळणीतले अवघड स्वरमेळ दाबणे त्या हाताला जड जाऊ लागले, म्हणून त्यांनी तारा अशा जुळवल्या की नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी स्वरमेळ उमटावा. अशा पन्नासहून अधिक जुळण्या त्यांनी वापरल्या. त्यांच्या चाली अनपेक्षित वळणे का घेतात, हे मला त्या पानांवरच प्रथम उमगले.

प्रियकरांची यादी (ती बरीच लांब आहे, हे मान्य) वाचून असे काही हाती लागत नाही. गाणे म्हणजे जणू कबुलीजबाब, असे समजून प्रत्येक ओळीमागे एक पुरुष शोधण्याची खोड चरित्रकारांना असते, आणि कवी असलेल्या पुरुष गायकांच्या वाट्याला ती त्या मानाने कमी येते.

मुलीचा प्रसंग मात्र अपवाद आहे. 1965 मध्ये जन्मलेली मुलगी दत्तक द्यावी लागली, 1971 च्या ‘ब्लू’ या अल्बममधील ‘लिटिल ग्रीन’ हे गाणे तिच्याविषयीच आहे, आणि मायलेकींची भेट थेट 1997 मध्ये झाली. हे कळल्यावर तेच गाणे मी पुन्हा लावले, तेव्हा ते पूर्वीइतके सहज ऐकवेना.