कारव्हॅनची मैल्याची टाकी मळ्यातल्या सेप्टिक टँकला जोडायची आहे, सल्ला हवा

केळीबाग_रावेर
रामराम मंडळी. मोटारीमागे ओढायची १६ फुटी कारव्हॅन (चाकांवरचं घर) आहे. मैल्याची टाकी १०० लिटर, मोरी-आंघोळीच्या पाण्याची १२० लिटर. दोन्ही टाक्या एकाच तीन इंची तोंडाला येतात, प्रत्येकीला वेगळा सरकता व्हॉल्व्ह. वर्षातला बराच काळ गाडी रावेरजवळ केळीच्या मळ्यात उभी असेल. जमीन काळी, बोअरचं पाणी जड. थंडीत तोरणमाळ आणि सारंगखेड्याची यात्रा. माणसं चार. मळ्यातल्या घराचा सेप्टिक टँक आहेच, त्याला कायम जोडून मैल्याचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला तर चालेल ना? टाकी किती दिवस पुरेल? आंघोळीचं पाणी केळीला सोडता येईल का? आणि मे महिन्यात वासाचं काय करायचं?

तापीकाठ
भाऊ, व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही, गाडी कायम जोडलेली असली तरी नाही. उघडा ठेवला की पाणी लगेच निघून जातं आणि घट्ट मैला मागे राहतो. संडासाच्या भांड्याच्या बरोबर खाली त्याचा ढीग चढतो, उन्हाने वाळतो आणि शेणाच्या गोवरीसारखा तळाला चिकटून बसतो. मग वरून कितीही पाणी ओता, ते बाजूने वाहून जातं, ढीग हलत नाही.

टाकी दोन-तृतीयांश भरू द्या आणि मग व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण ओढा. घाण धुऊन नेतो तो पाण्याचा लोंढा. अर्धवट उघडला तर पातळ तेवढं जातं. आधी मैला सोडायचा, नंतर आंघोळीचं पाणी, म्हणजे त्याच पाण्याने गाडीला लावलेला लवचिक होज पाइप आतून धुतला जातो. त्यासाठी आदल्या दिवसापासून मोरीचं पाणी साठवून ठेवा. टाकी रिकामी झाली की व्हॉल्व्ह बंद करून संडासातून १५ लिटर साधं पाणी आत ओता. कोरड्या तळावर पहिला मैला कधीच पडू देऊ नका.

सातपुडा_चाकं
किती दिवस पुरेल ते सांगते. कारव्हॅनविषयीचे बहुतेक हिशोब कागद वापरणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. आपण पाणी वापरतो, त्यामुळे आपला हिशोब वेगळा. एका माणसाचे दिवसाला पाच फ्लश, दर फ्लशला एक लिटर धरा. धुण्याचं पाणी तीन लिटर, शरीरातून जाणारं दीड-दोन लिटर. म्हणजे माणशी सुमारे १० लिटर, चौघांचे ४०. १०० लिटरची टाकी अडीच दिवसांत काठोकाठ भरते. तुमचे ते १५ लिटर आधीच आत असतात, म्हणून दर दोन दिवसांनी सोडा.

जेट स्प्रे काढून टाका. त्याने तीन-चार लिटर कधी गेले ते कळतही नाही. एक लिटरचा मग ठेवा. पाणी वापरण्याचा फायदाही आहे: कागदाचे गोळे अडकत नाहीत आणि ढीग कमी चढतो. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू (वेट वाइप्स) मात्र टाकीत अजिबात नको, ते विरघळत नाहीत आणि व्हॉल्व्हच्या खाचेत अडकतात.

आंघोळ बादलीने केली तर माणशी १५ लिटर, भांडी घासायचे ५. चौघांचे ८० झाले, म्हणजे ती टाकी दीड दिवसाची. पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर विसंबू नका. जड पाण्याचे क्षार आणि मैला सेन्सरवर बसला की टाकी रिकामी असूनही ते भरलेली दाखवतात. टॉर्च घेऊन संडासाच्या भांड्यातून आत बघा.

गवंडी_धुळे
पाइपचं मी सांगतो. ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (मैला-सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप) घ्या, टाइप बी. टाइप ए पातळ असतो, तो टाकीचा वायू वर सोडणाऱ्या पाइपला आणि पावसाच्या पाण्याला वापरायचा. ढाळ चाळीसला एक, म्हणजे दर मीटरला अडीच सेंमी. फार जास्त ढाळ दिला तरी पाणी पुढे पळतं आणि घट्ट मागे राहतं.

काळ्या जमिनीत पाइप नुसता पुरू नका. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते, आणि जोड निसटतात. चर एक वीत जास्त खोल खणा, खाली मुरूम दाबून भरा, त्यावर १० सेंमी वाळू, मग पाइप आणि बाजूंनीही वाळूच. गाडीजवळ एक चेंबर बांधा, त्याचं तोंड जमिनीपेक्षा थोडं वर ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. होज पाइपला मध्ये पोट पडू देऊ नका, खाली विटा लावून सलग ढाळ द्या.

सेप्टिक टँकचं माप बघा. पाच माणसांसाठी साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाणी लागतं. घरची पाच आणि गाडीतली चार धरली तर हा टँक अपुरा आहे, वाढवावा लागेल. आत येणाऱ्या तोंडाला टी (T आकाराचा जोड) बसवून तिचं खालचं टोक पाण्यात ३० सेंमी बुडवा. नाहीतर १०० लिटरचा लोंढा थेट आदळतो, तळाचा गाळ ढवळतो आणि तो शोषखड्ड्यात जातो. काळी माती मुळात पाणी कमी शोषते, त्यात गाळ गेला की खड्डा बंद. खड्डा विहिरीपासून ३० मीटर लांब ठेवा. टँक भरला तर उपसणारी गाडी बोलवा, माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात माणसं जातात आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे.

सातपुडा_चाकं
केळीच्या पाण्याचं राहिलं. दोन्ही टाक्यांचं तोंड एकच आहे, त्यामुळे मोरीच्या पाण्यातही मैला येतो. शिवाय कपड्यांच्या पावडरीतला सोडा काळ्या मातीत साचला की ती चिवट होते आणि पाणी मुरत नाही. तेही सेप्टिकलाच जाऊ द्या. मोरीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र अर्धाच उघडा, सावकाश.

तापीकाठ
आता वास. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गाडी बंद असेल तर मोरीच्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं) पाणी थोड्याच दिवसांत आटतं आणि टाकीचा वायू सरळ आत येतो. दर ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल टाका. तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. संडासाच्या भांड्यातही पाणी हवंच. ते आपोआप खाली उतरत असेल तर रबर सीलवर क्षार बसले आहेत. फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. ऑइलचं ग्रीस नको, रबर फुगतं. आणि फ्लश करताना छताचा पंखा बंद ठेवा, तो टाकीतला वास वर ओढतो.

टाकीत फिनेल, ब्लीचिंग किंवा संडासाचं ॲसिड टाकू नका. सेप्टिकमधले जिवाणू मरतात, आणि ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आले तर विषारी वायू होतो. फॉर्मल्डिहाइड असलेलं रसायनही नको. क्षारासाठी महिन्यातून एकदा रिकाम्या टाकीत १५ लिटर पाणी आणि पाव किलो लिंबूसत्त्व घालून रात्रभर ठेवा.

केळीबाग_रावेर
खूप उपयोगी. तोरणमाळच्या घाटात टाकी भरलेली चालेल का? सारंगखेड्याला कुठे सोडायची?

सातपुडा_चाकं
भरलेली नको. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर पुढच्या मोटारीच्या जोडावरचा भार कमी होऊन कारव्हॅन वळणावर झुलते. १५ लिटर पाणी आणि थोडं भांडी घासायचं लिक्विड ठेवून घाट चढा, हिंदकळून भिंती आपोआप धुतल्या जातात. सारंगखेड्याला तापीत किंवा उघड्या गटारीत सोडू नका. निघण्याआधी शहाद्याच्या नगरपालिकेत मैला उपसणाऱ्या गाडीची चौकशी करा. ती लावताना संडासाच्या भांड्याची झडप उघडी ठेवा, नाहीतर ओढीने प्लॅस्टिकची टाकी आत चेपते.

गवंडी_धुळे
आणि जोडाचं माप दुकानात जाण्यापूर्वी घ्या. गाडीचं तीन इंची तोंड अमेरिकन मापाचं असेल तर बाहेरून ८९ मिमी भरतं, आपला ७५ चा पाइप बाहेरून ७५ च असतो. सोल्युशनने (पीव्हीसीच्या डिंकाने) जुळणार नाही. जाड रबरी कपलिंग आणि दोन स्टीलच्या क्लिपा लावा, आणि ते तोंड थेट ११० मध्ये सोडा.