पत्रेकामाच्या कौटुंबिक कारखान्याचा इतिहास कसा लिहावा?

प्रश्न (हिंगणा, नागपूर): वाळूज येथे मोटारसायकलींच्या पेट्रोल टाक्या बनवणाऱ्या मामांच्या कारखान्याचा इतिहास मी लिहीत आहे. त्याला कोणत्या घटनांचा संदर्भ द्यावा?

पहिले उत्तर: १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प सुरू झाला, हीरो होंडाची पहिली मोटारसायकलही त्याच वर्षीची. तेथूनच आरंभ करावा.

दुसरे उत्तर: माझ्या मते कामाचे वर्णन अधिक मोलाचे आहे. प्रेसवर साच्यात खोल ओढलेले (दाबून खोलगट केलेले) टाकीचे भाग सीम वेल्डिंगने, म्हणजे कडांवर सलग सांधा करणाऱ्या वेल्डिंगने, जोडून, आत हवा भरून ते पाण्यात बुडवतात आणि बुडबुड्यांवरून गळती शोधतात. पत्रा नेमका कोठे फाटेल हे ओळखणाऱ्या कारागिरांची नावे आपण अवश्य नोंदवावीत; अशा इतिहासांत बहुधा मालकच उरतात.

तिसरे उत्तर: मोटारसायकलींचे पत्र्याचे मडगार्ड प्लास्टिकचे होऊ लागल्यावर कारखान्याने काय केले, हेही मामांना विचारावे.