आठवी-नववीतलं ‘प्रेम’ आणि त्यातली दादागिरी : तुमचे अनुभव लिहा

या वयात प्रेमाच्या नावाखाली पासवर्ड मागणं, मैत्रिणींशी बोलणं तोडायला लावणं, हात उचलणं सर्रास चालतं आणि घरी कुणाला पत्ताच नसतो. नावं, शाळा टाकू नका. घरच्यांना कळल्यावर ते आधी काय बोलले ते मात्र जरूर लिहा, पुढचं सगळं त्यावर ठरतं असं मला वाटतं.

अनुभव १
मी नववीत, तो दहावीत. क्लास सुटला की माझ्या सायकलचं हँडल धरून उभा राहायचा, कुणाशी बोललीस ते सांग मग सोडतो. एकदा मनगट असं पिरगाळलं की वळ उठले, ऐन एप्रिलात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून फिरले. मैत्रिणी म्हणायच्या किती पझेसिव्ह आहे गं, लकी आहेस. घरी बोलले नाही कारण क्लास बंद झाला असता. शेवटी मावशीने वळ पाहिले, ‘दुखतंय का’ एवढंच विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं.

अनुभव २
मुलांचंही लिहा की कुणीतरी. मला ती वर्गात सगळ्यांसमोर थोबाडीत मारायची आणि पोरं हसायची, पोरीचा मार खातो म्हणून. ब्रेकअप म्हटलं की ब्लेडचा फोटो पाठवायची, मग मी रात्रभर जागा. कुणाला सांगणार?

अनुभव ३
आमच्याकडे त्रास देणारा आमचाच मुलगा होता. फोन उचल नाहीतर चॅट ग्रुपवर टाकतो, असे मेसेज. नवरा म्हणाला वय आहे, होतं असं. मी ऐकलं नाही, मुलीच्या आईला जाऊन भेटले आणि मुलाला समुपदेशकाकडे नेलं. तो आधी खूप चिडला, पण जात राहिला.

अनुभव ४
मी शाळेत समुपदेशक आहे. धमकीचे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मूल 18 च्या आतलं असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला कधीही फोन करता येतो, ऑनलाइन ब्लॅकमेलसाठी 1930 ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन. लैंगिक प्रकार असेल तर 2012 च्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेची अब्रू वगैरे म्हणून दाबता येत नाही.

प्रश्न
मुलगी सातवीत आहे, असंच काहीतरी चाललंय असं वाटतंय, फोन काढून घेऊ का?

उत्तर (अनुभव ४ मधील समुपदेशक)
नको दादा. फोन काढलात तर शिक्षा तिलाच होते आणि पुढच्या वेळी ती सांगणार नाही. आज तिच्याशेजारी बसा, ओरडणार नाही असं आधी सांगा, मग विचारा.