गाडीत मराठी निवडली, तरी नकाशा इंग्रजीतच

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज. नावांऐवजी फ्लॅटचे नंबर आहेत.)

सोमवार

बी-३०४: नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण गाडीतलं ज्यांना कळतं त्यांनी वाचा. काल वाईला माहेरी जाताना नवले पुलाजवळ चुकले. पडद्यावर नकाशा इंग्रजी, बोलणारी बाई इंग्रजी. ती "कीप राइट" म्हणाली की "स्लाइट राइट", याचा उलगडा होईपर्यंत गाडी सर्व्हिस रोडला उतरली होती आणि मागे डंपर हॉर्न देत होता. मला इंग्रजी येतं, पण ते निवांत बसून वाचायचं. मराठी वाचावी लागत नाही, नजर पडली की कळते. गाडी चालवताना मला तीच हवी आहे.

गाडीच्या सेटिंगमध्ये मराठी आहे. महिन्यापूर्वीच निवडली. रेडिओ, एसी, सगळी बटणं मराठीत आली, फार बरं वाटलं. पण फोनची केबल लावली की परत सगळं इंग्रजी. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर म्हणाले, या मॉडेलला होत नाही, पुढचं अपडेट आलं की करून देऊ, त्याचे पैसे पडतील. खरंच होत नाही का?

सेक्रेटरी: काकू, हाच प्रश्न माझाही होता. मी नाद सोडला होता.

ए-७०२: काकू, एक रुपयाही देऊ नका. होतं. आणि त्यासाठी गाडीला हात लावायचीच गरज नाही.

गल्लत कुठे होते ते सांगतो. केबल लावल्यावर पडद्यावर जे येतं ते गाडी दाखवत नाही, फोन दाखवतो. अँड्रॉइड ऑटो म्हणजे फोनच गाडीच्या पडद्यावर चित्र पाठवतो. तुम्ही बोट टेकवलं की ते कुठे टेकलं एवढंच गाडी फोनला कळवते. म्हणून गाडीच्या सेटिंगमधली मराठी फक्त गाडीच्या स्वतःच्या पानांना लागू: रेडिओ, एसी, आवाज कमी-जास्त, मागचा कॅमेरा. नकाशा, कॉल, गाणी ही सगळी फोनची पानं. फोन इंग्रजीत असेल तर ती इंग्रजीतच येणार. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा गाडीत शोधत बसला असेल, तिथे त्याला काही सापडणं शक्यच नव्हतं.

बी-३०४: म्हणजे अख्खा फोन मराठीत करायचा? बँकेचं अॅप मी इंग्रजीतच शिकलेय. लेकाने कुठलं बटण दाबायचं ते लिहून दिलंय. ते बदललं तर माझे हात थांबतील.

ए-७०२: बँकेच्या अॅपला मराठी येतच नसेल तर ते आपोआप इंग्रजीतच राहील. फोनमध्ये एक भाषा नसते, भाषांची यादी असते. मराठी पहिली ठेवायची, इंग्रजी दुसरी. ज्या अॅपला मराठी येते ते मराठीत उघडतं, बाकीची खालच्या नंबरची भाषा घेतात. इंग्रजी यादीतून काढून टाकू नका, एवढंच. आणि अॅपला मराठी येत असली, पण तुम्हाला ते इंग्रजीतच हवं असेल, तरी चालतं. अँड्रॉइड १३ पासून एकेका अॅपची भाषा वेगळी ठेवता येते. "अॅपच्या भाषा" असं पान असतं, तिथे बँकेच्या अॅपपुढे इंग्रजी निवडायची. तिथे ते अॅप दिसलंच नाही, तर अॅपच्या आतल्या सेटिंगमध्ये भाषा सापडते का ते बघायचं.

डी-२०५: उलट केलं तर? फोन इंग्रजीत ठेवायचा आणि फक्त मॅप्स मराठीत?

ए-७०२: गूगल मॅप्समध्ये उजवीकडे वर आपला फोटो असतो, त्यातून सेटिंग्ज, तिथे अॅपची भाषा. ती मराठी केली की फोनवर मॅप्स मराठी होतं. पण गाडीच्या पडद्यावर मॅप्सच्या भोवती जे येतं, म्हणजे कॉल, मेसेज, मेन्यू, ते फोनच्या मुख्य भाषेत राहतं. काकूंना सगळंच मराठी हवंय, त्यांनी मुख्य भाषाच बदलावी हे सोपं.

बी-३०४: संध्याकाळी ७ला बेसमेंटमध्ये येशील का रे? एकटीने करायला धजावत नाही. चुकून परत येता आलं नाही तर?

ए-७०२: येतो काकू. आणि भिऊ नका, भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव त्या-त्या भाषेच्या लिपीत लिहिलेलं असतं. कुठेही अडकलात तरी आपली भाषा ओळखू येतेच.

सी-१०१: मी एसटीत ३१ वर्षं गाडी चालवली. यात माझंही थोडं ऐका. कुठलीही पाटी वाचायला चालकाला मिळतो तो क्षणभर. ताशी ६०ने गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे जाते. बाईंनी "स्लाइट" की "कीप" यावर २ सेकंद घातले असतील, तर ३३ मीटर रस्ता त्यांनी न बघता कापला. नवले पुलाच्या उतारावर ३३ मीटर म्हणजे फार. बाईंची मागणी ही हौस नाही, गरज आहे. आमच्या गाडीला पुढे मराठी पाटी असायची, फलाटावर आलेला माणूस लांबूनच गाडी ओळखायचा.

खजिनदार: काका, अगदी पटलं.

सोमवार, रात्री

बी-३०४: झालं! म्हणजे निम्मं झालं. लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला लागेल.

माझ्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग भाषा. ए-७०२ म्हणतो काही फोनमध्ये हे "जनरल मॅनेजमेंट"मध्ये असतं, काहींत "अॅडिशनल सेटिंग्ज"मध्ये. तिथे "भाषा जोडा" दाबून मराठी, त्यात भारत. मग मराठीच्या ओळीच्या टोकाला असलेल्या रेघांवर बोट दाबून धरायचं आणि ती ओळ इंग्रजीच्या वर ओढून सोडायची. सोडल्या सोडल्या फोन मराठी. केबल काढली, पुन्हा लावली, तरी पडद्यावर इंग्रजीच! माझं तोंड उतरलं. मग त्याने फोन एकदा बंद करून चालू केला, केबल लावली, आणि पडदा उजळला तो मराठीतच. वर घड्याळात ७:४२ मराठी आकड्यांत. मी चष्म्याशिवाय वाचलं.

निम्मं अशासाठी की बाई अजून इंग्रजीतच बोलते.

ए-७०२: आवाजाचं काम बेसमेंटमध्ये अडलं कारण तिथे रेंज नाही. दाखवायची भाषा आणि बोलायचा आवाज ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि लोक नेमके इथे अडकतात. मॅप्सच्या सेटिंगमध्ये नेव्हिगेशनच्या पानावर आवाज निवडायची यादी असते, त्यात मराठी निवडायची. शिवाय मराठी बोलायला फोनमध्ये मराठी आवाजाची फाइल असावी लागते. फोनच्या सेटिंगमध्ये वर शोधायच्या चौकोनात "टेक्स्ट टू स्पीच" लिहा, गूगलच्या इंजिनशेजारच्या चाकावर टिचकी मारा, आवाजाचा डेटा इन्स्टॉल करा म्हणून असतं, त्यातून मराठी उतरवून घ्या. घरच्या वायफायवर करा. काकू, आत्ता घरी बसूनच करा, गाडी लागत नाही.

बी-३०४: केलं. ओट्यापाशी उभी राहून लावून बघितलं. "उजवीकडे वळा." नातू धावत आला, म्हणाला आजी, फोन आपल्यासारखा बोलतोय.

ई-४०१: मध्येच विचारतो. माझं सगळं मराठीत आहे आणि तरी गाडीत कधी मराठी, कधी इंग्रजी येतं. असं का?

ए-७०२: तुमच्या गाडीत वायरलेस आहे का? आणि वहिनींचा फोनही जोडलेला आहे?

ई-४०१: हो. दोघांचे.

ए-७०२: मग तेच. ज्या दिवशी वहिनींचा फोन आधी जोडला जातो त्या दिवशी वहिनींच्या फोनची भाषा दिसते. तुमचा हवा असेल तेव्हा गाडीच्या फोनच्या यादीतून तुमचा निवडा, निघायच्या आधी.

डी-२०५: आयफोनवाल्यांसाठी सांगते. कारप्ले म्हणजे आयफोनचं अँड्रॉइड ऑटो. त्याला स्वतःची भाषाच नाही, आयफोनची भाषा तीच त्याची. सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज अँड रीजन. बाबांच्या फोनमध्ये मला आधी यादीत मराठी सापडत नव्हती, फक्त कीबोर्ड मराठी होता. सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर मराठी आली. जुनं सॉफ्टवेअर असेल तर आधी अपडेट करा आणि मग शोधा.

मंगळवार

खजिनदार: काल मीही केलं. आता एक शंका. गावांची नावं मराठीत आली, पण काही विचित्र आहेत. हे कोण लिहितं?

ए-७०२: बरीचशी मशिन. गूगलने २०२१मध्ये इंग्रजीत नोंदवलेली दुकानं, दवाखाने, स्टॉप यांची नावं १० भारतीय भाषांच्या लिपीत आपोआप आणायला सुरुवात केली, मराठी त्यात आहे. कुणी इंग्रजीत नोंद केली की मशिन ते देवनागरीत उतरवतं.

सी-१०१: आणि तिथेच "ळ" जातो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ल आणि ळ दोन्हींना एकच अक्षर. माणसाला माहीत असतं की नळ स्टॉपला नळ आहे, टिळक रोड टिळकांचा आहे. मशिन ते अक्षर बघून नल करणार, तिलक करणार. न आणि ण चं तेच.

बी-३०४: काका, आणि वडगाव! इंग्रजी बाई रोज "वडगाव बी के" म्हणायची. मला वर्षभर वाटत होतं बीके हे कुठल्या तरी बिल्डरचं नाव. बुद्रुकचं ते आखूड रूप आहे हे काल मराठीत "बु." बघितल्यावर डोक्यात शिरलं.

सी-१०१: बुद्रुक आणि खुर्द हे तर चालकाला कळलंच पाहिजे. एकाच नावाची दोन गावं, एक थोरलं, एक धाकटं, पुष्कळदा मध्ये नदी. बुद्रुकऐवजी खुर्दला गेलात की पूल शोधत परत फिरायचं. मी नवा असताना गेलो आहे, उतारू भरलेली गाडी घेऊन.

खजिनदार: चुकीची नावं दुरुस्त करता येतात का?

ए-७०२: येतात. त्या जागेवर टिचकी मारा, खाली बदल सुचवायचा पर्याय येतो. बरोबर नाव देवनागरीत लिहून पाठवायचं. लगेच बदलत नाही, आधी तपासतात, पटलं तर बदलतात. आपल्या गेटसमोरच्या स्टॉपचं मी पाठवलं आहे. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या रोजच्या रस्त्यावरची दोन-दोन पाठवा. आपल्याला ळ कुठे आहे ते माहीत आहे, त्या मशिनला कोण सांगणार?

सी-१०१: मला यादी करून द्यायला आवडेल. वहीत लिहून देतो, तुम्ही पाठवा.

शनिवार

बी-३०४: वाईहून लिहितेय. एकटी आले. नवले पूल नीट पार झाला, वळायच्या बऱ्याच आधी बाईने सांगितलं आणि मी आरशात बघून लेन धरली. खेड शिवापूरचा टोल, शिरवळ, मग खंबाटकी. घाटात पडद्याकडे बघितलंच नाही, नुसतं ऐकलं. घाट उतरल्यावर पडद्यावर "सुरूर" आलं आणि माझा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून निघाला. ते नाव मी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून वाचतेय, त्याच अक्षरांत.

आई ८६ची आहे. तिला अंगणात गाडीत बसवून पडदा दाखवला. तिने बोटाने एकेक अक्षर लावत "मे-ण-व-ली" वाचलं आणि म्हणाली, अगं, हे तर आपलं मेणवली.

एक राहिलं आहे. गाडीला मराठीत बोलून "घरी फोन लाव" म्हटलं तर तिला कळत नाही.

ए-७०२: फार छान काकू! बोललेलं समजण्याची भाषा ही तिसरी गोष्ट, ती असिस्टंटच्या, म्हणजे फोनमध्ये आपलं बोलणं ऐकून काम करणाऱ्या मदतनिसाच्या, सेटिंगमध्ये असते. तुमच्या फोनमधल्या असिस्टंटला गाडीत मराठी कळते का ते आल्यावर बघू. तोवर इंग्रजीत "कॉल होम" म्हणा, आणि नंबर होम नावाने सेव्ह करून ठेवा.

सेक्रेटरी: ग्रुपवर ९ जणांनी मला वेगळे मेसेज केलेत, आमचंही करून द्या म्हणून. उद्या रविवारी सकाळी १० वाजता क्लब हाउसपाशी या. बेसमेंटमध्ये नको, रेंज नाही. फोन चार्ज करून आणा, आपली केबल आणा, आणि आवाजाची फाइल आज रात्रीच घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. ए-७०२, जमेल ना?

ए-७०२: जमेल. सी-१०१ काका, वही घेऊन या.

सी-१०१: ४० नावं झाली आहेत. येतो.