प्रेमभंग झालेल्या मित्राला बाहेर काढायचं की त्याच्याजवळ बसायचं? ‘स्विंगर्स’च्या निमित्ताने

गोदाकाठ

गेल्या शनिवारी नाशकात पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या रूमवर चौघांनी मिळून ‘स्विंगर्स’ पाहिला. निमित्त होतं आमचा रूममेट. पाच वर्षांचं त्याचं नातं दिवाळीनंतर तुटलं. तेव्हापासून पोरगा मेसचा डबा उघडतो, दोन घास खातो आणि झाकून ठेवतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६चा अमेरिकन विनोदी सिनेमा, दिग्दर्शक डग लायमन. लिहिलाय जॉन फॅवरोनं आणि मुख्य काम, म्हणजे माइकचं, त्यानंच केलंय. माइक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आलेला विनोदी कलाकार आहे. मागे राहिलेल्या मिशेलनं सहा महिन्यांपूर्वी त्याला सोडलंय आणि हा अजून तिच्या फोनची वाट बघतोय. मित्र त्याला उचलून क्लबात नेतात. त्यातला सगळ्यात बडबड्या ट्रेंट (व्हिन्स वॉन) त्याला रातोरात गाडीत घालून लास व्हेगासला नेतो. पोरींशी कसं बोलायचं, नंबर मिळाल्यावर किती दिवसांनी फोन करायचा, याचे नियम शिकवतो. गोष्ट एवढीच.

लोक याला पोरी पटवण्याचा सिनेमा म्हणतात. मला तो तसा वाटलाच नाही. दुःखी मित्राचं करायचं काय, हे ज्यांना कुणी शिकवलेलं नाही अशा पोरांचा हा सिनेमा आहे. आपल्याकडे घरात कुणी गेलं तर शेजारी पिठलं-भात घेऊन येतात. कुणी यायचं, किती वेळ बसायचं, काय बोलायचं नाही, सगळं ठरलेलं असतं. ब्रेकअपला अशी कसलीच रीत नाही. मग मित्र सुचेल ते करतात. बिअर, गाडी, आणि ‘सोड रे, दुसरी मिळेल’. आम्हीही तेच केलं. गंगापूर रोडला जेवायला नेलं, पुढच्या आठवड्यात धरणाच्या बाजूला वायनरीत नेलं. तिथे समोर द्राक्षाच्या रांगा, सूर्यास्त, आजूबाजूला सगळी जोडपी. तो तासभर तिच्याबद्दलच बोलत राहिला आणि आम्ही विषय बदलत राहिलो.

सिनेमात माइकला खरा उपयोग होतो तो रॉबचा. रॉबही न्यूयॉर्कचाच, कामासाठी वणवण करतोय, डिस्नेलँडमध्ये गूफीचं सोंग घ्यायचं कामसुद्धा त्याला मिळालेलं नाही. माइक घरात कोंडून घेतो तेव्हा हा येतो आणि त्याच्याजवळ बसतो. रोज थोडं कमी दुखतं, म्हणतो, आणि एक दिवस दुखायचं थांबतं. मग त्या दुखण्याचीसुद्धा आठवण येते, कारण इतके दिवस ते सोबत राहिलेलं असतं. हे ऐकून आमचा रूममेट उठून गॅलरीत गेला.

मला वाटतं मुलांच्या प्रत्येक रूमवर हा सिनेमा एकदा लावावा. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोची

अजिबात पटलं नाही. तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटलं, ते मनापासून. पण सिनेमाबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलंत.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग तुम्ही गाळलात. माइकला बारमध्ये निकी नावाची मुलगी नंबर देते. घरी येऊन रात्री अडीचच्या सुमारास हा तिला फोन लावतो. आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवतो, तो अर्धवट कापला जातो म्हणून पुन्हा लावतो, मग खुलासा करायला पुन्हा, मग त्या खुलाशाची माफी मागायला पुन्हा. शेवटी तर जिच्याशी धड ओळखही झाली नाही तिच्याशी मशीनवरच संबंध तोडून टाकतो. या प्रसंगावर पोरं पोट धरून हसतात.

मी हसू शकले नाही. सेकंड इयरला असताना माझा नंबर एका मुलाकडे गेला. कसा गेला ते आजही माहीत नाही. रात्री एक-दीडला फोन यायचे. एकदा अकरा आले. तोही असाच माफी मागायचा, मग चिडायचा, मग पुन्हा माफी. आईनं फोन स्वतःच्या उशाशी घेतला. वडिलांनी सिम बदललं आणि माझा संध्याकाळचा क्लास बंद केला. त्याचं काही बंद झालं नाही. पोरं ज्याला भाबडेपणा समजून हसतात त्याच्या दुसऱ्या टोकाला हे असतं. नको म्हटल्यावरही मुलीचा पुन्हा पुन्हा पिच्छा पुरवणं हा आपल्याकडे २०१३पासून गुन्हा आहे. तेव्हा कलम ३५४ड होतं, आता भारतीय न्याय संहितेत ७८ आहे.

आणि ट्रेंटची शिकवण? तो माइकला समजावतो की तू नख्या-दातांचं मोठं अस्वल आहेस आणि ती कोपऱ्यात अंग चोरून बसलेला ससा. हे मुलांच्या प्रत्येक रूमवर लावायचं?

रविवार कारंजा

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा बराच मोठा. सिनेमा आला त्या वर्षी मी पंचविशीत होतो. आन्सरिंग मशीन आम्ही फक्त इंग्रजी सिनेमात पाहिलेलं. आमच्याकडे सीबीएस बस स्टँडजवळचा एसटीडी बूथ, बाहेरगावी फोन लावायचा. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून पावणेअकरापासून रांग. काचेच्या केबिनमध्ये लाल आकडे पळताना बघत बोलायचं. बोलायचं म्हणजे काय, तिच्या वडिलांनी उचलला की ठेवून द्यायचा. त्याला ब्लँक कॉल म्हणायचे. तिचं लग्न ठरल्यावरही मी महिनाभर ते केले.

सिडकोची यांचं वाचेपर्यंत ती आठवण मला गोड वाटत होती. रात्री अकराला घरातला फोन खणखणतोय आणि पलीकडे कुणी बोलत नाही, हे त्या घराला कसं वाटलं असेल, ते इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं. आज आलं.

तरी सिनेमा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मी माइकवर हसलो कारण तो मी होतो.

अंबड सेकंड शिफ्ट

मला दोघांचंही पटत नाही. हा आपला सिनेमाच नाही.

त्यात ही पोरं कामाच्या शोधात आहेत म्हणे, पण पार्टीला निघतात तेव्हा प्रत्येक जण आपापली गाडी घेऊन निघतो. एकामागे एक चार गाड्या. आमच्याकडे चौघांत एक बाइक आणि तिच्यावर ट्रिपल सीट. रात्री साडेअकराला शिफ्ट सुटली की नाइटलाइफ म्हणजे नाशिकरोड स्टेशनबाहेरचा चहा. रविवारी सकाळी मळ्यातली मिसळ, पापड, दही, जिलेबी, आणि परत येऊन झोप. नाशिकचा माणूस मन मोकळं करतो ते मिसळीवर, सकाळी नऊला. रात्री नाचता नाचता नाही.

मराठी विनोदात एकट्या पोरांची अडचण पहिल्यापासून वेगळी राहिली आहे. १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ बघा. चार मित्र, आणि प्रश्न काय, तर पुण्यात राहायला खोली. पोरगी नंतर, आधी चार भिंती. ते आजही खरं आहे. मी नाशकात तीन वर्षांत पाच खोल्या बदलल्या. फॅमिलीलाच देतो, बॅचलर नको, हे ऐकून कान किटले. एका घरमालकानं तर रात्री अकराला कुलूप लावायचं ठरवलं, शिफ्ट साडेअकराला सुटते हे सांगूनसुद्धा. ज्याला झोपायला हक्काची जागा नाही त्याला प्रेमभंगाचं दुःख करायलाही जागा नसते. मी रडलो ते सातपूरच्या बस स्टॉपवर.

गोदाकाठ

अंबड, तुमचं शेवटचं वाक्य लागलं. पण मग तो सिनेमा आपला नाही कसा? जागा मिळत नाही म्हणून दुःख कमी होतं का?

सिडकोची यांना उत्तर देतो. निकीचा प्रसंग मी गाळला ते चुकलंच. पण त्या प्रसंगाचा शेवट बघा. निकी शेवटी फोन उचलते आणि एवढंच सांगते की मला पुन्हा कधीही फोन करू नकोस. शेवटचा शब्द तिचा आहे. सिनेमा माइकच्या बाजूनं युक्तिवाद करत नाही.

आणि ट्रेंट? अगदी शेवटचा प्रसंग आठवा. माइक आणि तो खायला बसलेत. समोरच्या टेबलावरची बाई आपल्याकडे बघून चाळे करतेय असं ट्रेंटला वाटतं. हाही तोंडं वेंगाडून उत्तर देतो. मग कळतं की ती आपल्या तान्ह्या बाळाला खेळवत होती. दीड तास ज्याचे नियम ऐकले त्याला समोरची बाई काय करतेय तेही कळलेलं नाही. मला वाटतं अस्वल-सशाला दिलेलं उत्तर हेच आहे.

सिडकोची

बाळाचा प्रसंग मान्य. तो मी विसरले होते आणि तो खरंच चांगला आहे.

पण निकीनं एक वाक्य बोलून फोन ठेवला की सिनेमा तिला सोडून माइकबरोबर जातो. त्या रात्री ती पुन्हा झोपली का? मिशेलचं तर तोंडही दिसत नाही. तिनं का सोडलं, एका शब्दानं कळत नाही. माइकला क्लबात भेटणारी लॉरेन तेवढी माणूस वाटते, तीही शेवटी येते, माइक बरा झाला याची पावती म्हणून. मिशेलचा फोन येतो, बोलणं चालू असताना दुसऱ्या लाइनवर लॉरेन, आणि हा लॉरेनकडे वळतो. तुम्हाला तो विजय वाटला ना? मला दोन आवाजांतून एक निवडणारा माणूस दिसला.

रीळ नंबर चार

मी शॉर्टफिल्म करतो, म्हणून थोडं त्या बाजूनं. सिडकोची यांचं म्हणणं सिनेमाच्या रचनेतच सापडतं. त्या फोनच्या प्रसंगात कॅमेरा माइकच्या घरातून हलत नाही. निकीच्या घरात एकदाही जात नाही. आपल्याला फक्त मशीनवरचा तिचा तोच तोच आवाज आणि बीप ऐकू येते. माणूस आणि यंत्र एवढंच समोर असल्यामुळे हसू येतं. एकच शॉट तिच्या अंथरुणावरचा लावून बघा, तोच संवाद भीतीचा होतो.

पण एक श्रेयही द्यायला हवं. सुमारे दोन लाख डॉलरमध्ये केलेला सिनेमा आहे, तिकडच्या हिशेबानं काहीच नाही. लायमननं कॅमेराही स्वतःच चालवला. खऱ्या बारमध्ये, खऱ्या क्लबमध्ये जाऊन शूट केलं. लॉरेनबरोबरचा नाच डर्बी नावाच्या खऱ्या क्लबमधला आहे. म्हणून त्या रात्री सजवलेल्या वाटत नाहीत. फाळक्यांच्या जिल्ह्यात राहून आपण अजून एक रात्र अशी खरी टिपलेली नाही. अंबडनं सांगितलेला बस स्टॉप आणि ते कुलूप मला सिनेमात बघायचंय.

द्वारका

एकच मुद्दा. त्यात सगळे पितात आणि गाडी चालवतात, आणि कुणाला काही होत नाही. आमच्या ग्रुपनं अशाच एका दुखावलेल्या मित्राला मूड बदलायला म्हणून रात्री त्र्यंबक रोडला नेलं होतं. तो मागे बसला होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मित्राला बाहेर न्यायचं तर न्या, पण पिणार असाल तर रिक्षा करा.

पांडवलेणी

मी तो रूममेट. गोदाकाठनं धागा काढलाय हे मला विचारून काढलाय, त्याबद्दल राग नाही.

गॅलरीत मी रॉबच्या बोलण्यामुळे गेलो नव्हतो. आधीचा फोनचा प्रसंग डोक्यातून जात नव्हता. तुम्ही तिघं हसत होतात म्हणून मीही हसलो. दिवाळीनंतर एका रात्री मी तिला सतरा मेसेज टाकले होते. आधी सॉरी, मग हिशेब, तुझ्यासाठी काय काय केलं ते, मग पुन्हा सॉरी. दोन निळ्या टिका यायच्या आणि मला वाटायचं, वाचतेय म्हणजे अजून काहीतरी आहे. सिडकोची यांचं वाचल्यावर पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं की तीही पुण्यात हॉस्टेलच्या कॉटवर जागी असेल, आणि फोन घेऊन दुसरं कुणी उशाशी बसलं असेल.

सिडकोची

तिनं काही उत्तर दिलं का?

पांडवलेणी

नाही. ब्लॉक केलं.

सिडकोची

मग दुसऱ्या नंबरवरून प्रयत्न करू नका, एवढंच सांगते. माफी मागायलासुद्धा नाही.

पांडवलेणी

केला होता. परवा, मेसवाल्या काकांच्या फोनवरून. तिनं आवाज ओळखला आणि ठेवला. आता नाही करणार.

गोदाकाठ

हे मला माहीत नव्हतं. एका रूममध्ये राहतो आपण, दोन महिने मी तुझे डबे मोजत बसलो आणि विचारलं काहीच नाही.

आज बाहेर कुठे नको जायला. तू शिफ्टवरून ये, मी जागा आहे. पिठलं-भात टाकतो.